तापाचा कागद

मी गोदामात माल मोजतो. खोकी, पोती, डबे. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा माझा धंदा. म्हणून हे लिहिताना आधी मलाच लाज वाटते.

पण घडलं ते घडलं. यातला एक शब्दही रचलेला नाही.

दिवस, वर्षअखेरच्या सुट्टीतला तिसरा. वेळ, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. जागा, आमच्याच घरातली मागची खोली.

काळोख नव्हता. कुत्री रडत नव्हती. खिडकीतून ऊन येत होतं आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबल सरकवत होतं.

आमचं गोदाम वर्षातून एकदा आठ दिवस बंद असतं. आणि मी बहुतेक वर्षी नेमका त्याच आठ दिवसांत आजारी पडतो. बायको म्हणते, "तुझं शरीरसुद्धा रजा मंजूर झाल्याशिवाय पडत नाही."

बायको नर्स आहे. दवाखान्यातली शिस्त तिने घरात आणली आहे. कोणी आजारी पडलं की कपाटाच्या दाराला आतून एक आखलेला कागद चिकटतो. तारीख, वेळ, ताप, औषध, सही. आमच्या घरात सहीशिवाय कोणाला साधा तापही येत नाही.

या वेळी मुलीला घेऊन चार दिवस बहिणीकडे जायचं तिने कधीचं ठरवलं होतं. निघायच्या सकाळीच माझं अंग तापलं.

"जाऊ ना मी?"

"जा. मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं होतं. ऐकलं असतंस."

तिने नवा कागद आखला, कपाट उघडलं, आणि थबकली. दारावर आधीचा कागद तसाच होता. तो काढायला तिचा हात धजला नाही. तिने नजर वळवून नवा कागद त्याच्यावरच चिकटवला, चारही कोपरे अंगठ्याने दाबून.

"चार-चार तासांनी बघायचं, लिहायचं, फोटो पाठवायचा. एकशे दोनच्या वर गेला की मी निघाले. समजलं?"

समजलं होतं. खालचा कागद कोणाचा होता तेही मला माहीत होतं.

सासूबाईंचा. आदल्या वर्षीच्या याच सुट्टीतला. याच खोलीतला, याच पलंगावरचा.

पहिला दिवस बरा गेला. म्हणजे आजारी माणसाचा जेवढा बरा जातो तेवढा. उशीला घामाचा आंबूस वास. जिभेवर पांढरा थर. चहावर साय धरली होती, ती ओठाला चिकटली. मी माझ्याच अंगाला विटलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर डबीतून काढला...

तो ओला होता.

पाण्याने ओला नव्हे. चिकट. डबीतून बाहेर काढताना मागे एक बारीक तार लोंबली. ती ताणली, ताणली... आणि माझ्या मनगटावर पडली.

कोमट होती.

मला वाटलं, आपणच रात्री न पुसता ठेवला असेल. साबणाने धुतला, जिभेखाली धरला.

आणि चव आली.

कालच्या दुधाची. वर पुदिन्याच्या पावडरीची. ही पावडर आमच्या घरात एकच माणूस वापरत असे, कवळी धुवायला.

मी बेसिनकडे धावलो. जे खाल्लं नव्हतं तेही बाहेर पडलं.

थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. एकशे तीन. लिहिलं, सही केली, फोटो पाठवला. आता ही निघेल म्हणून वाट बघत पडलो.

उत्तर आलं, "छान. उतरला. आता झोप."

मी फोन केला.

"अगं, एकशे तीन आहे."

"नव्व्याण्णव लिहिलंयस."

"मी एकशे तीन लिहिलंय."

"तुझाच नऊ आहे. शेपटीवाला. फोटो पाहू का पुन्हा?" मग तिचा आवाज बदलला. "हे बघ, माझ्या मावसभावाकडे जायचं टाळायला तू थर्मामीटर चहात बुडवला होतास. ते मी विसरले नाही. माझी सुट्टी नको बिघडवूस."

माझा नऊ गोदामात प्रसिद्ध आहे. खाली लांब शेपटी आणि टोकाला गाठ. पोरं म्हणतात, साहेबांचा नऊ बांधून ठेवता येईल.

मी कपाटाशी गेलो.

कागदावर नव्व्याण्णव होतं. माझ्या निळ्या पेनाने, माझ्या अक्षरात, दोन्ही शेपट्यांना गाठी मारून.

कालच्या नोंदी पाहिल्या. एकशे एक लिहिलं होतं, एकशे दोनला थोडा कमी असंही एकदा लिहिलं होतं.

सगळीकडे नव्व्याण्णव.

मी ते खोडलं आणि मोठ्या आकड्यात एकशे तीन लिहिलं. नजर न हलवता फोन वर घेतला. चित्र नीट दिसावं म्हणून पडद्याकडे पाहिलं, एवढाच काय तो क्षण...

नव्व्याण्णव. खाडाखोडही नाही.

तापात माणसाला काहीही दिसतं, हे मलाही कळतं. मीही तेच म्हणत गोळी घेतली आणि आडवा झालो.

मग तो आवाज सुरू झाला.

चप... चप... चप...

दात नसलेलं तोंड नुसतंच हलतं, तसा. पलंगाच्या उशाकडून. मी मान वळवली की थांबायचा. डोळे मिटले की पुन्हा.

चप... चप...

तिसऱ्या दिवशी मला उठवत नव्हतं. फोन कुठे ठेवला तेही आठवत नव्हतं. घसा जळत होता. उशाशी काचेचा पेला होता. तो मी कधी भरून ठेवला, आठवेना. पण तहान लागलेला माणूस चौकशी करत नाही. डोळे मिटूनच पेला तोंडाला लावला.

पाणी बुळबुळीत लागलं.

एक घोट गेला. दुसऱ्या घोटाबरोबर काहीतरी पुढे सरकलं आणि माझ्या वरच्या दातांवर आपटलं.

कट्ट.

दातावर दात आपटल्यासारखं.

मी डोळे उघडले. घड्याळ समोरच होतं. तीन वाजून दहा मिनिटं.

पेल्यात आपटण्याजोगं काही नव्हतं. नुसतं गढूळ पाणी. तळाशी भाताच्या शितासारखा एक मऊ कण, चावून टाकलेला. वर तेलकट साय. आणि काठावर ओठांचा ठसा, माझ्या ओठांच्या बरोबर समोरच्या बाजूला.

मी दोन घोट गिळले होते.

मी पलंगावरच ओकलो. अंगावर, चादरीवर. पुसायलाही हात उचलेना. त्या घाणीत पडून राहिलो. आणि उशापाशी अगदी जवळून, बोबड्या तोंडाने, कोणीतरी आदराने विचारलं...

"जावईबापू, मोजलंत का?"

आता खालच्या कागदाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील.

आदल्या वर्षी सासूबाई तापाने पडल्या. सुट्टी असल्याने मी घरी होतो. दवाखान्यात माणसं कमी, म्हणून बायकोची तीन दिवस दुहेरी पाळी. ती तिकडेच झोपायची आणि फोनवर आकडे विचारायची.

सासूबाई स्वभावाने चांगल्या होत्या. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण आजारी म्हातारं माणूस जवळून पाहिलंय का तुम्ही? कवळी काढलेलं तोंड. आत गेलेले गाल. ओठांच्या कोपऱ्यात वाळलेलं पांढरं. पहिल्या दिवशी मी थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली ठेवला आणि काढला, तेव्हा लाळेची लांब तार माझ्या मनगटावर आली. कोमट.

मला शिसारी आली. तीनदा साबण लावला, तरी मनगट स्वच्छ वाटेना.

तेव्हा नव्व्याण्णव भरला होता. पुन्हा मोजलं नाही.

कपाटाशी जायचं, घड्याळ बघायचं, नव्व्याण्णव लिहायचं, सही करायची. गोदामात वरच्या फळीवरची खोकी आम्ही अशीच मोजतो. शिडी कोण लावणार? मागच्या वेळी होती तेवढीच असतील.

त्या पडल्या पडल्या बघत असायच्या. एकदाच म्हणाल्या, "जावईबापू, मोजलंत का?"

मी म्हणालो, "हो आई. नव्व्याण्णव. उतरतोय."

त्यावर त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला की मला सांभाळून घेतलं, ते आजवर कळलेलं नाही.

चौथ्या दिवशी बायको घरी आली, आईच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता गाडी बोलावली. छाती कफाने भरली होती. दोन दिवसांत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. सगळ्यांनी तेच म्हटलं. मीही म्हटलं, जरा मोठ्यानेच.

बायको एकदाच म्हणाली होती, "असा एकाएकी कसा चढला?"

मी कपाटाचं दार लावून टाकलं.

जाताना त्यांच्या तोंडात कवळी नव्हती. ती घरीच राहिली असणार. आम्ही सगळं घर उलथंपालथं केलं. सापडली नाही.

तर या वर्षी, त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडल्याचा आवाज आला. बायको एकटीच आली होती. मुलीला बहिणीकडे ठेवून, हातात नुसती पर्स घेऊन.

खोलीच्या दारातच तिने नाकाला पदर लावला. मग तो काढला, जवळ आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"चढलाय," एवढंच म्हणाली. थर्मामीटर तिने स्वतः लावला, स्वतः वाचला. एकशे चार.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुझ्याच फोटोंवरून. दोन दिवस, आठ नोंदी आणि आठही वेळा नव्व्याण्णव. वीस वर्षं तापाचे कागद वाचतेय मी. माणसाचा ताप असा पट्टीने आखल्यासारखा चालत नाही. वरखाली होतो. ज्याने मोजलेलंच नाही, त्याचाच असा असतो."

तिने चादर बदलली, माझं अंग पुसलं. कुठे तोंड वाकडं केलं नाही. मग गाडी येईपर्यंत कागद बघायला म्हणून कपाट उघडलं.

वरच्या कागदाचा एक कोपरा सुटला होता.

मी तो सोडवला नव्हता. मला तर उठताच येत नव्हतं.

तिने तो कोपरा धरून कागद हळूच वर उचलला. खाली आईचा कागद. फोनवर एकेक आकडा ऐकताना तिला कधी संशय आला नव्हता. आणि आई गेल्यावर त्या कागदाकडे बघायचं तिच्याने झालं नव्हतं. ओळीने मांडलेले आकडे ती पहिल्यांदाच पाहत होती.

बारा नोंदी. बारा वेळा नव्व्याण्णव. शेपटीला गाठ.

तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. खाली गाडीचा भोंगा वाजला.

"एकदा तरी मोजला होतास?" तिने विचारलं. पाठ माझ्याकडे होती.

"एकदा."

तिने दोन्ही कागदांची एकत्र घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

चार दिवस मी दवाखान्यात होतो. ती वेळेवर यायची, वेळेवर जायची. घरी आल्यावरही तसंच. डबा देते, औषध देते, मुलीच्या शाळेचं बोलते. त्या कागदांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

कवळी अजून सापडलेली नाही. मी काचेच्या पेल्यातून पाणी पीत नाही. आतलं दिसत नाही म्हणून स्टीलच्याही नाही. सरळ नळाला तोंड लावतो. मुलगी हसते.

इथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं.

काल दुपारी बायको कामावरून लवकर आली आणि मागच्या खोलीत जाऊन पडली. मी पांघरूण घालायला गेलो. तिचा हात लागला, तवा लागल्यासारखा.

"बघतोस का जरा?" ती डोळे मिटून म्हणाली. तेवढ्या दिवसांत तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

मी डबी उघडली.

ओला होता.

किळस गिळली. धुतला, पुसला, तिच्या जिभेखाली ठेवला. घड्याळ लावून पूर्ण तीन मिनिटं थांबलो. काढला, तेव्हा तार आली आणि माझ्या मनगटावर पडली. ती मी पुसली नाही. खिडकीशी गेलो आणि पारा उजेडात धरला.

नव्व्याण्णव.

झटकला, परत लावला. परत तीन मिनिटं.

नव्व्याण्णव.

एक हात मी तिच्या कपाळावर ठेवला होता. कपाळ पोळत होतं. उशाकडून, अगदी हळू, आवाज येत होता. चप... चप...

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईने पाहिलं होतं, तसंच.

"किती आहे?" तिने विचारलं.