तात्पर्याची जागा

एकोणतीस सालचा माघ महिना होता. कसर लागू नये म्हणून नानांची जुनी विलायती चित्रं मी ओटीवर उन्हात मांडली होती. वारा आला आणि त्यातलं एक उडालं, ते थेट भिसेगावच्या रस्त्यावर... एका परक्या तरुणाच्या हातात!

“तुमचा लांडगा पळाला होता,” तो हसत म्हणाला. “धरून आणलाय.”

तो हरी. कडावचा, पण मुंबईच्या छापखान्यात ठसे कोरणारा. माझ्या वडिलांनी, नानांनी, माथेरानच्या कुठल्याशा साहेबाच्या लिलावात घेतलेली ही अठराव्या शतकातली नीतिकथांची चित्रं त्याला मुलांच्या पुस्तकासाठी लाकडावर उतरवायची होती. महिनाभर तो आमच्याच ओटीवर बसून कोरत होता. मी चहा नेऊन द्यायची... आणि उगाच रेंगाळायची.

“अक्षरं उलटी का हो कोरता?”

“उलटी कोरली की सुलटी उमटतात, गोदूबाई. आता तुम्ही मला ‘निघा’ म्हणता, तेव्हा मी काय समजायचं?”

मी लाजले, आणि लगेच घाबरले. पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेल्या बाईने लाजायचं नसतं.

शेवटच्या दिवशी त्याने एक छाप माझ्या हातात दिला. गळ्यात पट्टा असलेला गुबगुबीत कुत्रा, समोर हडकुळा पण मोकळा लांडगा. खाली तात्पर्याची ओळ मात्र उलटी.

“चुकलं की हो!”

“नाही... आरशात बघा.”

सहा वर्षांत मला आरशात बघायला कुणी सांगितलं नव्हतं. धाकट्या विमलच्या आरशापुढे मी चोरासारखी उभी राहिले. अक्षरांआधी माझाच चेहरा दिसला आणि रडूच फुटलं. मग वाचलं— ‘माझ्याशी लग्न कराल?’

हो म्हणायला जीव तुटत होता. पण विमलचं लग्न खालापूरच्या वकिलांकडे ठरलं होतं. विधवा बहिणीने पुन्हा लग्न केलं, तर ते स्थळ मोडणार हे नक्की.

“नाही,” मी बाहेर येऊन म्हणाले.

“उलटं समजू?” त्याने हळूच विचारलं.

“नाही... सुलटंच.”

त्याने ठसे फडक्यात बांधले आणि तो गेला. स्टेशनच्या वाटेवर दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिले.

विमलचं लग्न थाटात झालं. दिवाळसणाला ती आली, तेव्हा न राहवून मी तिला सगळं सांगितलं.

“मला विचारायचंस तरी गं, ताई,” ती म्हणाली. “ते स्थळ मोडावं म्हणून मी देवीला नवस बोलले होते.”