भिंतीतला जोड

घरांचं वायरिंग तपासून दाखला देणं हे माझं काम. आग लागल्यावर सगळेच धावतात. मला ती लागायच्या आधी जावं लागतं, म्हणून माझं कौतुक कुणी करत नाही. धंदा मला दादानं शिकवला. थोरला भाऊ. बाबा गेल्यावर त्यानंच मला वाढवलं.

त्या मंगळवारी सकाळी अकराला मी एका शिक्षिकेकडे गेले. दुसरा मजला, तीन खोल्या, ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली आई. तक्रार एवढीच, की आईच्या उशाशी असलेली भिंत गरम लागते.

"गीझर चालू असताना?"

"काहीच चालू नसतं हो. तेच तर."

मी हात लावला. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी भिंत. मेन स्विच पाडला आणि अर्धा तास थांबले. मीटर लावून पाहिला, वीज नव्हती. भिंत मात्र तशीच.

"आईंना आधी शेजारी हलवा," मी म्हणाले.

दोघींनी मिळून त्यांना खुर्चीतून नेलं. परत येताना शिक्षिका जरा घुश्शातच म्हणाली, "पण दोन वर्षांपूर्वी सगळं नवीन करून घेतलं होतं. दाखला आहे माझ्याकडे."

तिनं कपाटातून कागद काढला. 'वायरिंग सुरक्षित.' खाली माझं नाव, माझी सही.

त्या घराचा जिना मी त्या दिवशी पहिल्यांदा चढले होते.

सहीखालची तिरकी रेघ मी ओळखली. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या जागी हीच रेघ असायची.

"काम कुणी केलं होतं?"

"उंच होते, सावकाश बोलायचे. फार भला माणूस."

मी प्लास्टर फोडलं. आत बोटाएवढ्या लांबीचा जोड होता. दोन वायरी नुसत्या पिळून, वर टेप गुंडाळून भिंतीत पुरलेल्या. असा जोड मी शिकताना एकदाच केला होता, तेव्हा दादानं माझ्या हातावर पक्कड मारली होती. "लोक झोपतात या भिंतीला डोकं लावून," म्हणाला होता.

मी जोड कापला. टोकं लांब वाकवली.

पक्कड पिशवीत ठेवून वळले, तर वायर पुन्हा जोडलेली होती. वर टेप. टेपला ताजा वास.

शिक्षिका दारात उभी होती. "तुम्ही कापलीत ना आत्ता?" तिनं विचारलं.

मी पुन्हा कापली. आता नजर हलवली नाही. पापणी तेवढी लवली.

जोड होता.

मी जिन्यात जाऊन दादाला फोन लावला.

"माझी सही तू केलीस?"

"कापलास?" त्यानं उलट विचारलं.

"दोनदा."

"मी अकरा वेळा कापला. तो माझा नाही गं. भिंत उघडली तेव्हा आत होताच."

"मग दाखला का दिलास?"

"कुणाचं तरी नाव द्यावं लागणार होतं. ज्याचं नाव, त्याच्याकडे ते... मला भीती वाटली."

"आणि माझं नाव सुचलं तुला?"

त्यानं फोन ठेवला.

त्या म्हातारीला त्यानं दोन वर्षं त्या भिंतीशी झोपू दिलं होतं. आणि त्याच भिंतीपुढे मला उभं केलं होतं. जास्त काय लागलं, ते मला अजून सांगता येत नाही.

घराची वीज मी बाहेरूनच तोडायला लावली. नवा अहवाल तिथेच लिहिला. 'धोकादायक. राहू नये.' जुन्या दाखल्यावरचं माझं नाव खोडलं आणि नव्या अहवालात काम करणाऱ्याच्या रकान्यात दादाचं पूर्ण नाव घातलं. मी फक्त खरं ते लिहिलं. लिहिताना एकदाही थांबले नाही, हे मात्र लक्षात राहिलंय.

निघताना भिंतीला हात लावला. थंडगार.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. आवाज दबका.

"वन्सं, येता का जरा? हे सकाळपासून भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभे आहेत. जेवलेही नाहीत. म्हणतात, हात काढला तर पेटेल."

मागे दादाचा सावकाश आवाज ऐकू येत होता.

"काय बोलतोय तो?"

"तुमचं नाव घेताहेत," वहिनी म्हणाली. "एकेक अक्षर सुटं करून. कुणाला तरी लिहून घ्यायला सांगावं ना, तसं."