गवताची टोपी

ऐका. सगळं सुरू झालं ते एका साध्या कामावरनं. संयोगिता टूरवाल्या सम्राटच्या ऑफिसात गेली होती, आणि तिला तिथं एवढंच सांगायचं होतं, की जपानच्या सहलीतला मोकळा दिवस ती आणि तिचा नवरा कुठं घालवणार. गावात की शहरात.

त्या दिवशी ज्यांना हौस असेल त्यांनी ओसाकात राहायचं, किल्ला बघायचा, उंच इमारतीवर चढायचं, बाजारात खिसा हलका करायचा. बाकीच्यांना बस डोंगरातल्या एका खेड्यात नेणार होती. तिथं माणसं कमी आणि बाहुले जास्त, असं सम्राट म्हणाला. तरणी पोरं शहरात गेली, म्हातारी माणसं देवाघरी गेली, आणि गेलेल्या प्रत्येकाच्या जागी तिथली एक आजी त्याच्याएवढाच गवताचा बाहुला करून बसवते. बसच्या थांब्यावर, बांधावर, ओस पडलेल्या शाळेत.

"फोटो झकास येत्यात, काकी," सम्राट म्हणाला.

"बुजगावणी बघायला एवढं इमानात बसून जायाचं व्हय? माझं माहेर शिरोळ. ऊस, चिखल न् पुराचं पाणी बघून डोळं भरल्यात माझं. आमचं दोघांचं शहर लिव्ह."

तिनं लिहायला लावलं खरं, पण घरी हंबीररावांना विचारायचं राहून गेलं होतं. हंबीरराव म्हणजे म्हशीवाला माणूस. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर त्यांची चंद्री उभी राहिली की गिऱ्हाईक दुसऱ्या म्हशीकडं बघायचं नाही. थेट ग्लासात धार, वर बोटभर फेस, आणि जोडीला हंबीररावांच्या गप्पा. एका ग्लासाला अर्धा तास सहज जायचा. जपानी लोक मुकी जनावरं कशी सांभाळतात हे बघायचं म्हणूनच तर ते या सहलीला तयार झाले होते.

"मी गावात जाणार," त्यांनी सांगून टाकलं.

"गावात काय हाय बघण्यासारखं?"

"आन् शहरात काय हाय? काचा न् जिनं. माणूस कळतोय तो गावात."

दोघंही हट्टी. लग्नापासून एकही जत्रा त्यांनी वेगवेगळी केली नव्हती, पण या वेळी कुणीच मागं हटेना. शेवटी त्यांचं गाव आणि तिचं शहर असं ठरलं.

त्या सकाळी ओसाकाच्या हॉटेलात तिनंच त्यांना गुलाबी फेटा बांधून दिला. परदेशात उघड्या डोक्यानं फिरणं त्यांना पटायचं नाही. बसच्या खिडकीतनं त्यांनी हात केला आणि "येतो गं" म्हणाले. तिचा राग अजून गेला नव्हता. "या" म्हणायचं सोडून ती समोरच्या दुकानातल्या छत्र्या बघत उभी राहिली. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मात्र तिला उगाच चुटपुट लागली.

संध्याकाळी बस परत आली. हंबीरराव सगळ्यांत शेवटी उतरले. डोक्यावर फेटा नव्हता. गवताची एक जुनी, काठ विस्कटलेली टोपी होती.

"अवो, फेटा कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

 पाठ ताठ ठेवून, पाय जपून टाकत ते आत गेले. दमले असतील, असं तिनं मनाला सांगितलं. पण चहावर अर्धा तास बोलणारा माणूस आख्खा दिवस बघून आला आणि एका शब्दावर थांबला, हे काही तिच्या गळी उतरलं नाही.

कोल्हापुरात परतल्यावर ती टोपी उंबऱ्यालगतच्या सोप्यातल्या खुंटीला लागली, आणि घरात एक वास येऊ लागला. वाईट नव्हता. भाताची मळणी झाल्यावर पिंजर रचून ठेवतात ना, त्याचा कोरडा, धुळकट वास. आधी तो टोपीला यायचा. मग अंथरुणाला यायला लागला. रोज सकाळी चादर झटकताना काड्या पडायच्या, बारीक, सोनेरी. संयोगिता त्या केरात काढायची आणि कुणाला काही बोलायची नाही.

हंबीरराव दिवसभर उंबऱ्यावर बसू लागले. हात मांडीवर, नजर समोर. हाक मारली की मान वळायची, पण जराशी उशिरा. जेवायला वाढलं की जेवायचे. तांबड्या रश्शाला मीठ घालायचं तिच्याकडनं एकदा राहिलं, तेही त्यांनी मुकाट्यानं ओरपलं. एरवी त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली असती. तिला वाटलं, आजारी आहेत. मग वाटलं, आपल्यावर राग धरलाय. आणि एकदा, खोटं कशाला सांगू, दुसऱ्या बाईचा संशयसुद्धा तिच्या मनात येऊन गेला. तो संशय तिला बरा वाटला असता, इतकी ती घाबरली होती.

मग कट्ट्यावरची ती संध्याकाळ आली. गिऱ्हाईक ग्लास धरून उभं होतं. हंबीरराव चंद्रीच्या कासेशी बसले. एरवी ते जिभेनं टक्‌ टक्‌ करायचे, तिच्या मांडीवर थाप मारायचे, आणि म्हैस लगेच पान्हा सोडायची. त्या हाताशिवाय दुसरा हात तिला चालायचाच नाही. त्या दिवशी त्यांनी टकटक केली नाही, थापही मारली नाही. चंद्रीनं मान मागं वळवली, त्यांना डोक्यापासून खांद्यापर्यंत हुंगलं, आणि शांतपणे त्यांच्या सदऱ्याची बाही तोंडात धरून चघळायला लागली.

"हंबीरराव, म्हशीनं तुमास्नीच वैरण समजलं की!" कुणीतरी ओरडलं.

कट्टा हसला. हंबीरराव हसले नाहीत, आणि त्यांनी हातही काढून घेतला नाही. शेजारी उभ्या संयोगितानं पुढं होऊन म्हशीच्या तोंडातनं बाही सोडवली. बाही फाटली होती. फाटक्या जागेतनं आत काय दिसतं ते बघायचं तिला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून धार काढायला तीच बसू लागली, तर चंद्रीची कास रिकामी. आटलेली नव्हे, रिकामी. सड ओले, टोकाला फेस, आत्ताच कुणीतरी पिळून गेल्यासारखे. संध्याकाळीही तेच. चोर म्हणावं तर तिनं गोठ्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. तरी पहाटे कास मोकळी, आणि खाली जमिनीवर दुधाचा एक थेंब नाही. चंद्री मात्र डोळे अर्धे मिटून निवांत रवंथ करत उभी असायची. ती अशी फक्त एका माणसाच्या हाताखाली उभी राहायची. आणि तो माणूस तर बाहेर उंबऱ्यावर बसून होता.

जपानातल्या त्या गावाकडं गेलेल्या बसमध्ये हंबीररावांच्या शेजारी गडहिंग्लजचे बसाप्पा होते. गुळाचे व्यापारी, मार्केट यार्डात त्यांचं येणं-जाणं असायचं. संयोगितानं त्यांना तिथंच गाठलं. हंबीररावांचं नाव काढल्यावर बसाप्पांनी हातातली गुळाची ढेप खाली ठेवली आणि तिला बाजूला घेतलं.

"अक्का, मी सांगणारच होतो... पण काय सांगायचं, तेच कळंना."

"फेटा कुणाला दिला त्यांनी?"

"अय्यो, त्या आजीच्या सोप्यात एक बाहुला होता. निम्माच केल्याला. तोंड न्हाय, डोळं न्हाय, नुसती डोक्यावर टोपी. हंबीररावांनी इचारलं, ह्यो कोण? तर गाइड म्हणाला, आजी सांगतीया, ह्यो अजून कुणाचा न्हाय..."

"मग?"

"मग काय, हंबीरराव गमतीत आलते. म्हणले, कुणाचा न्हाय कसा, ह्यो माझा भाऊ. आन् सोताचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला, त्याची टोपी आपल्या डोक्यावर घातली. आमी टाळ्या वाजीवल्या की, अक्का. मीबी वाजीवल्या. आजी तेवढी हसली न्हाय. धावत आली, ह्यांचा हात धरला, रडकुंडीला येऊन कायबाय बोलाय लागली. गाइड तवर बसकडं गेलता. कुणाला काय समजणार?"

"आन् हे?"

"म्हणले, मागं गोठा हाय का बघून येतो. लई येळ आलं न्हाईत. आलं ते... असं आलं, ताठ. माझ्या शेजारी बसलं, पर सारी वाट एक शबुद न्हाय." बसाप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांचा आवाज खाली गेला. "आपल्यात हाय की त्ये, अक्का. डोक्यावरचं बदललं की भाऊ झाला. भावाचं घर त्ये आपलं घर. भाऊ म्हणून आल्याला न्हाय कोण म्हणणार?... आन् ज्यानं घर दिलं, त्यानं मग ऱ्हायाचं कुठं?"

ती घरी कशी आली ते तिचं तिला कळलं नाही. उंबऱ्यावर ते बसले होतेच. त्यांना ओलांडून आत जायचं म्हणजे पदर त्यांना लागणार. तिनं पदर आवळून धरला आणि भिंतीला घासून आत शिरली. ज्याच्याबरोबर उभा संसार केला, त्याला आपला पदर लागू नये असं वाटावं, या विचारानंच तिला रडू फुटलं.

सम्राट तेव्हा दुसरी टोळी घेऊन जपानलाच गेला होता. त्याच संध्याकाळी, धारेच्या वेळी, त्यानं सहलीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. बाहुल्यांचं गाव. थांबा, बांध, शाळा. मग एक सोपा. सोप्याच्या पायरीवर गुलाबी फेटा घातलेला बाहुला. फेट्याची गाठ डाव्या बाजूला, शेमला आखूड. तिनं बांधला होता तसाच. आता त्याला चेहराही केलेला होता. साध्या कापडावर दोऱ्यानं काढलेला, पण डाव्या भुवईवर आडवी शिवण होती. चंद्रीचं शिंग लागून हंबीररावांच्या भुवईवर पडलेली खूण अगदी तिथंच होती. परत आल्यापासून इथं उंबऱ्यावर बसलेल्या माणसाच्या भुवईवर ती कधी दिसल्याचं तिला आठवेना.

बाहुल्याचे गुडघे वाकलेले होते, हात पुढं, मुठी अर्धवट मिटलेल्या. पायाशी लाकडी बादली. कॅमेरा वाकला. बादलीत काठापर्यंत दूध होतं आणि वर ताजा फेस.

सम्राटचा आवाज आला, "मंडळी, गंमत बघा. आजी म्हणतीया, ह्या गावात कित्येक वर्षांत गाय न्हाय, म्हैस न्हाय. तरी रोज दोन टायमाला ही बादली भरत्या. ती दूध टाकून देत न्हाय, गावात पोरं न्हाईत तर मांजरांना घालती. आन् काकी, ह्यो पाव्हणा जरा आमच्या हंबीररावकाकांसारखाच दिसतोय का न्हाय?"

पलीकडं कुणीतरी हसलं. त्या हसण्याच्या आड, अगदी बारीक, जिभेची टक्‌ टक्‌ ऐकू आली.

मागं गोठ्यात चंद्री रेकली.

संयोगितानं व्हिडिओ पुन्हा लावला नाही. तिनं सम्राटला फोन लावला. 

"सम्राट, तुझ्या पुढच्या टोळीत माझं नाव घाल. एकटीचं."

"काकी? आत्ताच तर आलाय की तुमी. बरं, घालतो. या खेपंला काय? शहर का..."

"गाव," ती म्हणाली. "त्या आजीला सांग, मी येतो म्हणून. त्या पाव्हण्याला तिथनं हलवू नगंस म्हणावं. आन् त्याला सांग... त्याला म्हणावं, तुमची बायकू म्हणतीया, या. तेवढं ऱ्हायलं हुतं."

तिनं फोन ठेवला. दिवा लावायची वेळ झाली होती. सोप्यात अंधार धरला होता, पिंजराचा वास दाट झाला होता. आणि कितीतरी दिवसांनी उंबऱ्यावरनं आपणहून आवाज आला. कोरडा, घासत आलेला. शब्द मात्र तिचे होते, ठेका तिचा होता.

"गावात काय हाय... बघण्यासारखं?"

तिनं वळून बघितलं. चंद्रीचं दावं सुटलं होतं. म्हैस सोप्याशी येऊन त्यांच्या मागं उभी होती आणि मान खाली घालून त्यांचा खांदा सावकाश चघळत होती. खांदा निम्मा गेला होता. ते संयोगिताकडं बघत, हात मांडीवर ठेवून, तसेच बसून होते.