चिमूटभर कास्टिक

“अगं बाई, कास्टिक सोडा! याने तर आमच्याकडे नाली साफ करतात… आणि ही तोंडाला लावायला सांगते?”

धारच्या प्रदर्शनात अगदी माझ्या टेबलापाशी उभी राहून ती बाई मैत्रिणीच्या कानात कुरकुरली. क्रीमची डबी परत ठेवली. सकाळपासूनची नववी. चूक माझीच — सगळे घटक डबीवर सोप्या मराठीत छापायची हौस!

“कच्चा असता तर हात भाजला असता,” शेजारून आवाज आला. “क्रीमचा आंबटपणा जुळवायला चिमूटभरच घालतात. त्यात तो संपून जातो, भाजायला उरत नाही. माप तेवढं चुकायला नको.”

“घेणार आहात, की नुसतं लेक्चर?”

“घेतो ना. आधी तपासतो.” त्याने खिशातून कागदाची पट्टी काढून क्रीमला टेकवली. पट्टी पिवळसर झाली. “पीएच साडेपाच. त्वचेला मानवेल असा आंबटपणा.”

“खिशात पट्ट्या घेऊन हिंडता?”

“पीथमपुरात लॅबमध्ये आहे. लोक कंगवा ठेवतात…” त्याने टकलावरून हात फिरवला.

मी हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने.

मग दर रविवारी हे पट्टीवाले उदाजीराव धारहून देवासला आमच्या घरी येऊ लागले — क्रीमची नवी खेप तपासायला. त्यांचं लग्न झालेलं नाही, हे माझ्या सासूबाईंनी, आईसाहेबांनी, पहिल्याच पोह्यांबरोबर विचारून घेतलं. माझा दीर मनन “आओ भिया” म्हणून खुर्ची द्यायचा. भिंतीवर माझ्या नवऱ्याचा फोटो, आणि खाली आम्ही दोघं पट्टीचा रंग बघत… जरा जास्तच वेळ. आमच्या घराण्यात विधवा सून दुसरं लग्न करत नाही. त्यामुळे सगळे फक्त क्रीमबद्दल बोलायचे.

चार महिन्यांनी त्यांनी एक खोकं आणलं.

“मीटर आहे. क्रीममध्ये बुडवलं की आकडा दिसतो. आता माझी… गरज पडणार नाही.”

“बरं,” मी म्हणाले. त्या एवढ्याशा शब्दात आवाज असा फुटला की मननने टीव्ही मोठा केला.

“बंद कर तो,” आईसाहेब म्हणाल्या. “उदाजीराव, चार महिन्यांत क्रीम एकदा तरी बिघडली?”

“नाही.”

“मग येत कशाला होतात?”

त्यांनी मीटरचं खोकं हळूच स्वतःकडे ओढून घेतलं. कान लाल.

“अहो, माझा मुलगा गेला. ही अक्षदा आहे ना अजून!” आईसाहेबांनी पदर सावरला. “तिला मागणी घाला. माझ्याकडे घाला — तिची आई मीच आहे.”