सोळा सह्या

"चोरी माझ्या घरात झालीय, चोर घरातलाच आहे आणि मी पोलिसांत जाणार नाही. फी किती घेता?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच कुंदा सामंत हे बोलून मोकळ्या झाल्या. वय सदुसष्ट, आवाज मात्र शाळेच्या मैदानावरचा.

शकु तेंडोलकरला असं अशील आवडायचं. वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे क्लेम पकडल्यावर तिने मुलुंड पूर्वेला पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. जोडीला लवू परब. निवृत्त हवालदार, माणूस सोन्यासारखा, फक्त डोकं जरा उशिरा चालू व्हायचं.

"काय गेलंय?"

"आमच्या घराचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालकीचा कागद. तारण ठेवून पतपेढीतून सहा लाख काढतेय. गंधालीसाठी, माझ्या मुलीसाठी. नवरा सोडून गेलाय, पदरात पोर, घाटकोपरचं भाड्याचं घर सोडायची नोटीस हातात. भांडुपला वन रूम किचन मिळतंय. शनिवारपर्यंत डाउन पेमेंट भरलं नाही, तर बयाणा गेला आणि घरही गेलं. हप्ते ती भरणार आहे, भीक मागत नाहीये कुणाकडे."

"आज मंगळवार. घरातून विरोध कोणाचा?"

"सगळ्यांचा! हे म्हणतात, म्हातारपणी कर्ज काढू नये. घर आम्हा दोघांच्या नावावर, त्यामुळे यांची सही लागते. गेल्या आठवड्यात मी हट्टालाच पेटले, तेव्हा हे म्हणाले, 'आधी ओरिजनल हातात घे, मग सहीचं बघू.' काल सकाळी कपाटातला लॉकर उघडला तर कागद गायब. किल्ली देवघराच्या खणात असते, ते आम्हा दोघांना आणि दोन्ही मुलांनाच माहीत."

"शेवटचा कधी पाहिला होता?"

"दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला घराचे कागद पाटावर मांडते ना मी. पुढची बाजू डागाळायला नको म्हणून सर्टिफिकेट पालथं ठेवून पाठीला कुंकू लावते. पांढऱ्याशुभ्र पाठीवर लाल बोट इतकं छान दिसतं! आधी फाइलमध्येच ठेवून पूजायचे; आता लॅमिनेशन आहे, त्यामुळे नंतर पुसताही येतं."

"लॅमिनेशन कधी केलं?"

"सात वर्षं झाली. माझ्या मुलाने, मिहिरने बोरिवलीला घर घेतलं, त्याच दिवाळीत. यांनीच करून आणलं."

"घराच्या कागदांवर याआधी कधी सह्या केल्या होत्यात?"

"एकदाच, गंधालीच्या लग्नानंतर केव्हातरी. हे फाइल घेऊन आले, रिडेव्हलपमेंटचे कागद म्हणाले. कुकर गॅसवर होता. दाखवतील तिथे केल्या. चांगल्या सोळा सह्या!"

शकुने आवळासुपारी तोंडात टाकली. लवूला कळलं, बाई कामाला लागली.

---

सामंतांच्या सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश तळमजल्यावर राहायचे. प्रश्न विचारला की ते थेट रजिस्टरच उघडत.

"डुप्लिकेट देऊ की! पण आधी पोलिसांत तक्रार, मग पेपरात जाहिरात, मग कमिटीचा ठराव. दोन महिने धरा."

"सामंतांचं सर्टिफिकेट तुम्ही पाहिलंय?"

"पाहिलंय म्हणजे? सगळं माझ्याच हातचं आहे, मॅडम! देवदत्तरावांचे वडील गेले तेव्हा घर या दोघांच्या नावावर झालं. ती नोंद मीच केली सर्टिफिकेटच्या मागे. निळी शाई, तीन सह्या, वर गोल शिक्का."

"रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलं?"

"कुणाच्या? आमच्या? अहो, वीस वर्षं सेक्रेटरी आहे मी. आमच्याकडे तो विषयसुद्धा कधी निघालेला नाही."

लवूने तक्रार, जाहिरात, ठराव असं सगळं वहीत उतरवलं. शकुने काहीच लिहिलं नाही.

वरच्या मजल्यावर देवदत्त सामंत आरामखुर्चीत पेपर वाचत होते. कुंदाताई आत कणीक मळत होत्या.

"बरंच झालं गेलं ते," देवदत्त म्हणाले. "माणसाने अंथरूण पाहून... जाऊ दे. आमच्या मिहिरने बघा, स्वतःच्या हिमतीवर घर घेतलं. माझी दमडी घेतली नाही त्याने. आणि या पोरीच्या लग्नात माझा अख्खा पीएफ उडाला! बारा वर्षं झाली, एक रुपया उरला नाही."

दाराची बेल वाजली.

"कुंदा, बघ गं कोण आहे," देवदत्त बसल्या जागेवरून ओरडले.

कुंदाताई कणकेच्या हातांनी धावत आल्या आणि कोपराने कडी काढली. दार खुर्चीपासून चार पावलांवर होतं. लवूला हसू आलं. नवरे सगळे असेच, तो स्वतःच्या घरी याहून वेगळं काही करत नव्हता.

संध्याकाळी मिहिर बोरिवलीच्या घराखाली भेटला. नव्या गाडीचा फोटो आधी दाखवला, नाव मग सांगितलं.

"शुक्रवारी डिलिव्हरी. पाच लाख कॅश भरणार, बाकी लोन. आईचं मात्र चुकतंय, मॅडम. ताईने स्वतःच्या पायावर उभं राहावं ना यार. माझ्या वेळी बाबांनी थोडी मदत केली होती, पण ती त्यांच्या पीएफमधली होती. कर्ज नव्हे."

"रविवारी आईकडे गेला होतात?"

"जेवायला. मग काय, मी चोर?"

परतताना लवूने निकाल लावून टाकला. "माका इचारशीत तर झिलानच, ह्या मिहिरानच ढापल्यान. घर उद्या तेकाच मिळतला ना!"

"लवू, तू पोलिसांत होतास हे मी कुणाला सांगत नाही, ते यासाठीच," शकु म्हणाली.

---

बुधवारी सकाळी सगळे सामंतांच्या हॉलमध्ये जमले. गंधाली दाराशीच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"लॉकरमधून सर्टिफिकेट चोरीला गेलं नाही," शकु म्हणाली. "जायला ते तिथे होतंच कुठे? सात वर्षं नव्हतं."

"अहो, मी दिवाळीत पूजलं ना!" कुंदाताई म्हणाल्या.

"तुम्ही कुंकू लावलंत ते पांढऱ्याशुभ्र पाठीला. पण खऱ्या सर्टिफिकेटच्या पाठीवर सेक्रेटरींची निळी नोंद आहे, सह्या आहेत, शिक्का आहे. लॅमिनेशनने कागद जपला जातो, शाई पुसली जात नाही. तुम्ही सात वर्षं एका बाजूची रंगीत झेरॉक्स पूजत आलात. प्लॅस्टिक चढवलं की कागद ओरिजनल आहे की नाही, ते हाताला कळत नाही."

देवदत्तांनी पेपर तोंडासमोर धरला.

"लॅमिनेशन कोणी केलं? देवदत्तरावांनी. रिडेव्हलपमेंटच्या नावाने सोळा सह्या कोणी घेतल्या? त्यांनीच. या बिल्डिंगमध्ये तो विषय कधी निघालाच नाही. मग त्या सह्या कसल्या? मिहिर म्हणतो, बाबांनी पीएफमधून दिले. बाबा म्हणतात, पीएफ बारा वर्षांपूर्वीच संपला. मिहिरचं घर सात वर्षांपूर्वीचं. मग डाउन पेमेंटचे पैसे आले कुठून?"

मिहिर वळून बापाकडे बघू लागला. शकुने उत्तर स्वतःच दिलं.

"हे घर तारण ठेवून. त्या सोळा सह्या तारणाच्याच कागदांवरच्या. ओरिजनल सावकाराकडे आहे. कुंदाताईंनी पतपेढीचं नाव काढल्यावर 'आधी ओरिजनल हातात घे' म्हणून यांनी वेळ काढला. मग झेरॉक्स उघडी पडेल या भीतीने तीच पळवली."

"तेका जाळून टाकूचा होता मगे," लवू पुटपुटला.

"प्लॅस्टिक जाळलं तर घरभर वास. फाडायला जावं तर फाटत नाही. देवदत्तराव, काल बेल वाजली तेव्हा तुम्ही उठला नाहीत. आता जरा उठता का?"

देवदत्त उठले. खुर्चीच्या गादीखालून त्यांनी स्वतःच तो चकचकीत कागद काढला. त्यावर कुंकवाचा पुसट डाग अजून होता.

"मुलाचं घर होत नव्हतं गं," ते म्हणाले. "पेन्शनमधून हप्ते भरतोय. साडेतीन लाख उरलेत."

"मला सांगितलं असतंत तर हसत सही केली असती," कुंदाताई म्हणाल्या. आवाज चढला. "सात वर्षं खोट्याची पूजा करायला लावलीत! मुलासाठी कर्ज काढलंत ती बापाची माया, आणि मुलीसाठी मी काढते तो म्हातारचळ?"

"आई, शपथ, मला माहीत नव्हतं," मिहिर म्हणाला.

"कारण तू विचारलं नाहीस. तुला कुणी विचारायलाच लावलं नाही. हिने चार भिंती मागितल्या तर घरादाराने हिशेब मागितला." त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "गाडी रद्द कर. उद्या सावकाराचे पैसे भरून ओरिजनल माझ्या हातात दे. शुक्रवारी मी पतपेढीत जाणार, शनिवारी गंधाली भांडुपला."

मिहिरने गंधालीकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

"भरतो," तो म्हणाला.

कुंदाताईंनी पिशवीतून पतपेढीचा अर्ज काढला आणि पेनासकट नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. जिथे जिथे सही हवी तिथे त्यांनी आधीच पेन्सिलने फुली मारून ठेवली होती.

"करा सह्या."

"वाचू तरी दे, कुंदा."

"वाचून काय करणार? रिडेव्हलपमेंटचे कागद आहेत."