अकरावा जोड

बूट होते, पण माणूस नव्हता.

शनिवारची सकाळ होती, साल एकोणीसशे तेहेतीसचं. सोलापूर स्टेशनामागच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंच्या, शाळेच्या ओसरीवर रिबका नवगावकर वहाणा मोजत उभी होती. एरवी ती याच शाळेत पोरांना मराठी आणि पाढे शिकवायची. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, मात्र शाळेचा मोठा वर्ग प्रार्थनेसाठी मोकळा होई. बाकं भिंतीला लागत, फळ्यावर चादर पडे, सतरंज्या अंथरल्या जात. सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची तर दहा पुरुष लागतात. नऊच असले तर आपापलं पुटपुटायचं आणि घरी जायचं. आता माणसं मोजू नयेत, दृष्ट लागते, असं रिबकाची आजी सांगून गेली होती. वहाणांना काही दृष्ट लागत नाही, म्हणून ती वहाणा मोजायची. बायका मागच्या दारानं येत, पोरांच्या वहाणा पायरीखाली असत, त्यामुळे घोटाळा होत नसे. आणि गेलं वर्षभर गावातली सगळी मंडळी गोळा झाली तरी ओसरीवर नऊच जोड भरत होते.

आज दहा भरले. दहावा जोड काळ्या बुटांचा होता, धुळीनं माखलेला, एक नाडी तुटून मधे गाठ मारलेली.

"काका, दहा झाले," ती दारातून म्हणाली.

दाऊदकाका म्हणजे तिचे चुलते, शाळेचे हेडमास्तर, आणि प्रार्थना चालवणारेही तेच. त्यांनी खुशीत घसा खाकरला, पहिली ओळ म्हटली, आणि थांबले. समोर नजर फिरवली.

"रिबका, दहावा कुठाय?"

दहावा अंगणात कडुलिंबाखाली सापडला. पंचविशीचा, उन्हानं रापलेला, हातात टोपी. पायांत नुसते मोजे, आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

"बूट दारात आणि तुम्ही झाडाखाली?" रिबकानं विचारलं.

"प्रार्थना सुरू झाली असं वाटलं. मधेच कसं घुसायचं..." त्यानं एक पाय दुसऱ्यावर ठेवून अंगठा झाकला. "शिवाय हे असं. फाटक्या मोज्याचा माणूस दहात धरतात का?"

"धरतात. आमच्याकडे निवडानिवड करायला माणसं आहेत कुठं?"

"म्हणजे गरजेपोटी."

"गरजेपोटीच," ती म्हणाली. तो हसला, आणि तिला वाटलं, उगाच बोललो आपण.

हायम झिराडकर त्याचं नाव. स्टेशनात तारमास्तरांच्या हाताखाली तात्पुरता आलेला. शनिवारी सुटी मिळावी म्हणून रविवारची दोन माणसांची ड्युटी एकटा करणारा. त्या दिवशी शाळेत वर्षानं दहाजणांची प्रार्थना झाली. दाऊदकाकांचा आवाज शेवटी शेवटी भरून आला आणि मागच्या सतरंजीवर बायकांनी डोळ्यांना पदर लावले. रिबकानंही लावला. मात्र तिची नजर पदराआडून मोज्याकडे जात होती, हे सांगायला हरकत नाही.

पुढच्या शनिवारी बुटाला नवी नाडी आली. त्याच्या पुढच्या शनिवारी बूट चकचकीत पॉलिश होऊन आले.

"बाई, बूट लई नटायला लागलं की," निंगव्वा म्हणाली. निंगव्वा अक्कलकोटकडची, शाळेची झाडलोट करायची, माठ भरायची, आणि शब्बाथला मंडळी विस्तवाला हात लावत नाहीत म्हणून चहाची शेगडीही तीच पेटवायची. "बुटात कोन हाय ते बी बगा जरा."

"तू माठ बघ," रिबका म्हणाली.

शाळेत सव्वीस पोरं. अर्धी बेने इस्रायली, अर्धी शेजारपाजारची. दर वर्षी पोरंच आपला शाळानायक निवडत. उमेदवाराच्या नावाचे डबे ठेवायचे आणि प्रत्येकानं वालाचा एकेक दाणा टाकायचा. यंदा हस्केल पेणकरच्या डब्यात एकोणीस दाणे पडले. बारा संपून तेरावं लागलेलं, काडीसारखं पोर, पण शब्दाचं पक्कं. घंटा देणं, हजेरी घेणं, भांडणं सोडवणं ही नायकाची कामं तो इतक्या गंभीरपणे करायचा की दाऊदकाकासुद्धा त्याच्यासमोर वेळेवर यायचे.

या हस्केलला तेरा पुरी व्हायला तीन महिने होते. तेरा पुरी झाली की मुलगा मंडळीत पुरुष म्हणून धरला जातो. पण दाऊदकाकांचा नेम होता की सगळ्यांसमोर तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळीतला आपला भाग बिनचूक वाचील तोच दहात उभा राहील. काकांची नजर अधू झालेली. म्हणून हिब्रू शिकवायला संध्याकाळी हायम यायला लागला. हस्केल ओसरीवर वाचायचा, हायम बोट फिरवायचा, आणि रिबका आतल्या खिडकीत वह्या तपासत बसायची. एकाच वहीवर तिची पाऊण पाऊण घटका जायची.

सप्टेंबरात, नव्याच्या सणानंतरच्या, म्हणजे मंडळीचं नवं वर्ष लागल्यानंतरच्या, शनिवारी, दुपारी एकाएकी आभाळ भरून आलं. सोलापुरात पाऊस यायचा तो असाच, न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा. मंडळी आत काकांचं बोलणं ऐकत होती. ओसरीवर वाऱ्यानं झड आली तशी रिबका वहाणा गोळा करायला धावली. मागोमाग हायम आला. दोघं वाकून जोड उचलत राहिले. एका सपातेवर दोघांचे हात पडले, आणि ती सपात उगीचच थोडा वेळ तिथंच राहिली.

"माझी बदली आलीय," तो म्हणाला. "मनमाड."

रिबकानं सपात छातीशी धरली. ओल्या कातड्याचा वास येत होता.

"मंडळीचं काय मग? पुन्हा नऊच..."

"तीन महिन्यांची मुदत मागून घेतो. तोवर हस्केल उभा राहील."

"आणि मग?"

"मग दोन वाटा. एक मनमाडची. आमचे तारमास्तर वीरभद्रप्पा जानेवारीत निवृत्त होतायत. त्यांच्या जागेसाठी अर्ज केला तर मी इथलाच होईन."

"करा की मग."

"अर्जात कारण द्यावं लागतं."

"मंडळीला दहावा माणूस हवा. हे कारण नाही?"

"ते तीन महिन्यांचं कारण झालं." तो पावसाकडे बघत बोलत होता. "कायमचं राहायला कारण निराळं लागतं, रिबकाबाई. ते मंडळी नाही देऊ शकत."

तिला सगळं कळलं. कानापर्यंत कळलं, कारण कान तापले. आणि तिनं काय उत्तर द्यावं?

"वहाणा भिजतायत," ती म्हणाली आणि आत गेली.

आता रिबकाची एक गोष्ट सांगायला हवी, जी तिनं स्वतःलाही कबूल केली नव्हती. त्या शनिवारनंतर शाळानायकाची कामं वाढली. आधी भिंतीवरचं हस्तलिखित मासिक हस्केलकडे आलं. मग बागेतल्या आळ्यांना पाणी. मग लहान वर्गाचे पाढे म्हणवून घेणं, मग संमेलनाची तयारी. नायकानं जबाबदारी घ्यायला शिकलं पाहिजे, असं ती प्रत्येक वेळी म्हणायची, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघायची. संध्याकाळी हायम ओसरीवर बसून राही, हस्केल वर्गात पाटी घेऊन अडकलेला असे, आणि हिब्रूचा धडा कधी निम्मा होई, कधी होतच नसे. जे पोर डिसेंबरात उभं राहायचं ते आता फाल्गुनातही राहतंय की नाही असं झालं.

एक दिवस शाळा सुटल्यावर हस्केल तिच्या टेबलाशी आला. छातीवरचा नायकाचा बिल्ला त्यानं काढून वहीवर ठेवला.

"हे घ्या बाई. मला नायक नाय राहायचं."

"का रे?"

"पाठ होईना. सर वाट बघून जातात." त्यानं ओठ घट्ट मिटले, मग पुन्हा बोलला. "घरी आजी रोज विचारते, किती आलं म्हणून. मी खोटंच सांगतो की, आलं म्हणून."

रिबका बिल्ल्याकडे बघत होती.

"बाई, माझं काही चुकलं का? आधी तुमी असं करत नव्हता."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो खरोखरच विचारत होता. रिबकाला इतकी लाज वाटली की तिला मान वर करवेना. एक पोर दहात उभं राहायला धडपडतंय, आणि आपण त्याचा पाय धरून ठेवलाय. कशासाठी, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बिल्ला उचलला आणि पुन्हा त्याच्या सदऱ्याला लावला.

"चुकलं ते माझं. नायक तूच. पण नायकानं सगळं एकट्यानं करायचं नसतं, हे मी तुला शिकवलंच नाही."

शुक्रवारी पुन्हा डबे मांडले, पुन्हा वालाचे दाणे पडले, आणि हस्केलला चार मदतनीस मिळाले. घंटा लिंगायतांच्या रत्नम्माकडे गेली. तिनं ती पहिल्याच दिवशी अशी बडवली की गिरणीचा भोंगा झाला म्हणून दोन बायका डबे घेऊन निघाल्या.

"बाई, तुमी रडलाय व्हय?" निंगव्वानं विचारलं.

"कांद्यानं."

"शाळंत कांदा कुटला?"

डिसेंबरातला तो शनिवार थंड आणि स्वच्छ होता. हस्केल आला, पायरीपाशी घुटमळला, आणि आपल्या करकरीत नव्या वहाणा, एक माप मोठ्याच, पहिल्यांदा वर ओसरीवर मोठ्यांच्या रांगेत ठेवल्या. रिबकानं मोजलं. अकरा. आजवर कधी इतके जोड मोजले नव्हते. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पोटात काहीतरी टोचतही राहिलं.

हस्केल वाचायला उभा राहिला. एका ठिकाणी तो अडखळला. हायमचे ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. हस्केलनं डोळे मिटले, तो शब्द सापडला, आणि मग तो शेवटपर्यंत थांबला नाही. त्याची आजी मोठ्यानं रडली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

गोड पोह्यांची ताटं फिरली. चहा झाला. मंडळी हस्केलच्या डोक्यावर हात ठेवून एकेक करून निघाली. ओसरीवर हायम बुटांच्या नाड्या बांधत बसला होता.

"किती भरले?" त्यानं वर न बघता विचारलं.

"अकरा."

"मग माझं काम झालं. उद्या दुपारची गाडी आहे."

रिबका खांबाला धरून उभी होती. आता बोललो नाही तर हा माणूस जाईल, आणि पुढच्या शनिवारी आपण दहा जोड मोजू आणि सगळे म्हणतील, दहा झाले, छान झालं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मंडळीला आता तुमची गरज नाही."

त्याचे हात थांबले.

"मला आहे."

एवढं बोलल्यावर मग बाकीचं अडलं नाही. "मी फार वाईट वागले. हस्केलवर कामं लादली, मुद्दाम. त्याचं लवकर पाठ होऊ नये म्हणून. तो उभा राहिला की तुम्ही जाणार होतात... पोरानं शेवटी बिल्ला परत केला तेव्हा कळलं मला, मी काय करत होते ते."

हायमनं कान खाजवला.

"मी त्याला पाठ झालेल्या ओळी पुन्हा पुन्हा घोकायला लावत होतो. उच्चार कच्चे आहेत म्हणून. कच्चे काही नव्हते."

"तुम्हीसुद्धा?"

"तीन तीन वेळा."

"बिचारा हस्केल," रिबका म्हणाली, आणि दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता तिनं डोळे पुसले.

"अर्ज लिहून ठेवलाय," तो म्हणाला. "पावसातल्या त्या दिवसापासून. कारणाची ओळ तेवढी रिकामी आहे. उद्या सकाळपर्यंत द्यायचाय."

"लिहून टाका मग."

"आज शब्बाथ. लिहिता येत नाही. तुम्ही तोंडी सांगा, मी पाठ करून ठेवतो."

"अशा वेळी काय लिहितात?"

"कचेरीत सगळे एकच लिहितात. घरगुती कारण."

"मग तेच लिहा."

"त्याला आधी घर लागतं, रिबकाबाई."

अंगणात कडुलिंबाची वाळकी पानं सरकत होती. रिबकानं शाळेच्या मागच्या अंगाकडे पाहिलं. तिथं दोन खोल्यांत ती आणि काका राहायचे.

"काका आत आहेत," ती म्हणाली. "त्यांना विचारा."

"आणि तुम्हाला?"

"मला विचारून झालंय. पावसात. उत्तराला उशीर माझ्याकडूनच झाला."

नुकत्याच बांधलेल्या नाड्या त्यानं पुन्हा सोडल्या, बूट ओसरीवर ठेवले आणि तो आत गेला. आज मोजे धड होते. थोड्या वेळानं आतून काकांचं खाकरणं ऐकू आलं, मग त्यांचं मोठ्यानं हसणं. रिबकानं ते बूट उचलले आणि चालू लागली.

निंगव्वा माठाशी होती. "बाई," ती म्हणाली, "बूट कुटं निगालं?"

"घरात," रिबका म्हणाली, आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत, काकांच्या सपातांशेजारी, तिनं ते नीट लावून ठेवले.