पाच जुनी नाकं

अंकुश गाडेकरांच्या ऋतुजाचं लग्न झालं ते वर्ष २०४७. त्याच उन्हाळ्यात जालन्याजवळ ते काम करत त्या छपाई कारखान्यात गंधवेधी बसला, आणि महिन्याभराने जावई समाधान तिथेच शाईखात्यात कामाला लागला. अंकुशमामांना दोन्ही गोष्टी चांगल्या वाटल्या.

कारखान्यात वेफर्सच्या आणि मसाल्यांच्या पिशव्यांचं प्लास्टिक छापलं जाई. शाई पातळ करायला टोल्युइन आणि तसलीच उडणारी द्रावकं लागत. रंग वाळला म्हणजे द्रावक हवेत गेलं, आणि हवेतून ते माणसात जातं. ती हवा ओढून घेणारे पंखे छताला होते. ते किती जोरात चालवायचे हे आजवर कोणीतरी अंदाजाने ठरवी. आता ते गंधवेधी ठरवणार होता. भिंतीवर वहीएवढी पेटी, वर एक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, तांबडा म्हणजे धोका, आणि सोबत भोंगा.

तो बनवणाऱ्या डॉ. नलिनी शेवडे पुण्याहून आल्या होत्या. "याला वास कळतो," त्यांनी सांगितलं, "पण किती वास म्हणजे जास्त, ते कळत नाही. तुमच्याकडे रोज सोळा शाया आणि रोज वेगळं मिश्रण. एकच आकडा धरून चालत नाही. म्हणून ते याला माणसांनी शिकवायचं. पाच जणांनी महिनाभर हे बटण खिशात ठेवायचं, वास झोंबला की दाबायचं. मला अनुभवी नाकं द्या."

अनुभवी म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. नवं यंत्र आलं की नारळ सगळ्यांत जुन्या माणसाने फोडायचा, ही इथली रीत. त्याच रीतीने पाच नावं निघाली. पंचवीस वर्षांहून कमी नोकरीचा एकही नाही. पहिला मान अंकुशमामांचा.

महिनाभरात पाच जणांनी मिळून बटण अकरा वेळा दाबलं. त्यातल्या चार वेळा ते बसताना चुकून दाबलं गेलं होतं.

गंधवेधी शिकला. दिवा हिरवा झाला, पंखे मंद झाले आणि कित्येक वर्षांनी हॉलमध्ये एकमेकांचं बोलणं न ओरडता ऐकू येऊ लागलं.

समाधान पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मामा, डोकं लई धरतंय. वास सहन होईना."

"दिवा कोणता आहे?"

"हिरवा."

"मग?"

"नवरदेवाच्या नाकात अजून लग्नातलं अत्तर आहे," छपाई यंत्रावरचा लतीफ म्हणाला. "उतरंल हळूहळू."

महिन्याभराने समाधानची तक्रार बंद झाली. पोरगा रुळला, असं मामांनी घरी सांगितलं.

सप्टेंबरात कामगारांची तपासणी करायला डॉ. इम्तियाज बागवान आले. झाकणाला भोकं पाडलेली एक डबी त्यांनी अंकुशमामांच्या नाकाखाली धरली.

"कसला वास?"

"कसलाच नाही."

"हिंग आहे, गाडेकर."

पाचांपैकी चौघांना हिंग कळला नाही. डॉक्टरांनी शेवडेबाईंना बोलावून घेतलं. शाईखात्याच्या दारात दोघं बोलत उभे राहिले. मामा बाजूला ऐकत होते.

"रोजचा वास नाक आधी मनावर घेत नाही," बागवान म्हणाले, "आणि असली द्रावकं वर्षानुवर्षं हुंगली की पुढे घेऊच शकत नाही. तुमच्या पेटीत बिघाड नाही, बाई. वास नाही असं तिला शिकवलं, ते वास न येणाऱ्यांनी."

"मी अनुभवी मागितले," शेवडे म्हणाल्या. "मला तिखट नाकं हवी होती. दोन्ही एकच, असं धरून चालले." मग त्या म्हणाल्या, "पुन्हा शिकवू. ताजं नाक कोणाचं आहे?"

मामा पुढे झाले. "आमच्या जावयाचं. सगळ्यांत नवा तोच. त्याला वास येतो, माझ्याजवळ बोललाय तो."

समाधानला हाक मारली. त्याने डबी हुंगली, हलवून पाहिली, पुन्हा हुंगली.

"रिकामीच आहे ना, साहेब?"

"पंखे मंद असले की तीन महिनेही पुरतात," बागवान म्हणाले. ही गोष्ट ऋतुजाला सांगायची नाही, एवढंच मामांनी ठरवलं.

शेवटी भाजीबाजारातल्या पाच बाया आणल्या. एकीने दारातच पदर नाकाला लावला आणि बटण दाबलं ते सोडलंच नाही. "अन् तुम्ही हितं बसून भाकरी खाता?" तिने लतीफला विचारलं.

"चटणी लागत नाही, मावशी," लतीफ म्हणाला.

गंधवेधी नव्याने शिकला. दिवा तांबडा झाला, भोंगा वाजू लागला, पंखे पूर्ण जोराने फिरू लागले. तरी दिवा तांबडाच राहिला. पंखे वीस वर्षांपूर्वीचे, आणि यंत्रं तेव्हापेक्षा दुप्पट. हॉल बंद ठेवा, असं पत्र बागवानांनी दिलं. नवे पंखे डिसेंबरात येतील, तोवर सांभाळून काम करा, असं मॅनेजरने सांगितलं.

"मामा, तोवर घरी बसू का?" समाधानने विचारलं.

"नवी नोकरी आहे. दोन महिने काढ."

पहिल्या दिवशी भोंगा वाजला की माणसं कानांवर हात ठेवत. आठव्या दिवशी त्याच आवाजात डबे उघडले गेले. तिसऱ्या आठवड्यात लतीफ त्याच्या सुरात सूर मिसळून गुणगुणू लागला. नोव्हेंबरात शेवडेबाईंनी मामांना फोन केला. "दिवा आत्ता कोणता आहे?" मामा दिव्याखालीच उभे होते. तरी त्यांना मान वर करून पाहावं लागलं.

"तांबडा," ते म्हणाले. "तसाच असतो तो."



शाईची टाकी धुवायला आत उतरण्याआधी दिवा पाहायचा आणि तांबडा असेल तर उतरायचं नाही, असा नियम होता. दिवा रोज तांबडा होता आणि टाकी रोज धुवावी लागे. द्रावकाची वाफ हवेहून जड असते. ती टाकीच्या तळाशी साठून राहते.

समाधान सकाळी साडेअकराला टाकीत उतरला. वर भोंगा वाजत होता. मामा तिथून वीस पावलांवर रंग जुळवत होते. साडेबाराला जेवायला तो आला नाही, तेव्हा शोधलं.

समाधान विठ्ठल बोर्डे, वय सव्वीस, १९ नोव्हेंबर २०४७ रोजी दुपारी साडेबाराच्या आत वारला.